सरहद्द ओलांडणारा बांगडा मोजायचा कसा?

ऑगस्ट २०१० मध्ये स्कॉटलंडच्या पिटरहेड बंदरात एक अजब प्रकार झाला. फॅरो बेटांची 'जुपिटर' नावाची बोट साधारण अकराशे टन बांगडा घेऊन माल उतरवायला आली आणि तिथल्या मासेमारांनी धक्क्यावर उभं राहून तिला अडवलं. मासेमारांनीच मासळी उतरू द्यायची नाही, हे जरा उलटंच. पण बोट खरोखर भरलेलीच माघारी गेली.

चीड होती ती एका आकड्याची. फॅरो बेटं डेन्मार्कच्या छत्राखाली असली तरी मासेमारीचे निर्णय स्वतः घेतात. त्यांनी त्या वर्षी कुणाला न विचारता स्वतःला ८५ हजार टन बांगड्याचा कोटा देऊन टाकला होता, आधीच्या वाट्याच्या जवळपास तिप्पट. शेजारच्या आइसलँडने त्याहून कडी केली: १ लाख ३० हजार टन. वाटपाच्या करारात आइसलँड तोवर नव्हताच, कारण त्याच्याकडे वाटून घ्यायला बांगडाच नव्हता. २००६ साली त्या देशाच्या बोटींनी जेमतेम चार हजार टन बांगडा पकडला. पुढच्या वर्षी ३६ हजार. २००८ मध्ये १ लाख १२ हजार. त्याच वर्षी ऑक्टोबरात आइसलँडच्या बँका कोसळल्या, हे लक्षात ठेवलं तर दारात आलेल्या या मासळीकडे तो देश कोणत्या नजरेने बघत असेल हे कळतं.

आधी एक खुलासा. हा आपला बांगडा नव्हे. शास्त्रीय नावाने आपला रास्ट्रेलिगर, तो स्कॉम्बर, चुलतभाऊ म्हणा. इंग्लंडातली मराठी घरं त्यालाच तिरफळं घालून भागवतात. उन्हाळा संपताना तिकडच्या बांगड्याच्या अंगात वजनाच्या पाव हिश्श्याच्या वर चरबी असू शकते, आणि त्या चरबीसाठी जपानी गिऱ्हाईक चांगला भाव मोजतं.

या माशाचं वर्ष असं असतं. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, बिस्केच्या उपसागरापासून स्कॉटलंडच्या पश्चिमेपर्यंतच्या पट्ट्यात तो अंडी घालतो. मग उत्तरेला नॉर्वेच्या समुद्रात चरायला जातो. तिथे त्याचं मुख्य खाणं म्हणजे कोपेपॉड, तांदळाच्या कणीएवढे तरंगणारे जीव. हिवाळा तो शेटलंड आणि नॉर्वेच्या आसपास काढतो. म्हणजे एकच मासा एका वर्षात पाच-सहा देशांच्या पाण्यातून फिरतो. पाणी तापलं, आणि माशांची संख्याही वाढलेली होती, तेव्हा त्याचं चरायचं रान पश्चिमेला पसरत आइसलँडपर्यंत आणि पुढे थेट ग्रीनलँडपर्यंत गेलं. ग्रीनलँडच्या पाण्यात बांगड्याची मासेमारी २०११ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये ती ७८ हजार टनांवर पोचली आणि त्या वर्षी देशाच्या एकूण निर्यातीच्या किमतीतला २३ टक्के वाटा या एका पाहुण्याचा होता.

आता कायद्याचं पाहू. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने प्रत्येक किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, मासळीवर हक्क दिला. (हा २०० मैलांचा हट्ट धरणाऱ्यांत आइसलँडही होता. त्यासाठी त्याने १९७० च्या दशकात ब्रिटनशी कॉड माशावरून समुद्रात खरोखरच्या धडका घेतल्या होत्या.) एकच साठा दोन-तीन देशांच्या हद्दीत असेल तर काय, याचंही कलम त्या कायद्यात आहे. ते सांगतं की संबंधित देशांनी आपसात सहमती करण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, एवढंच. फसला तर पुढे काय, यावर फारसं काही नाही. शिवाय रेषा आखणाऱ्यांच्या डोक्यात मासे साधारण जागच्या जागी राहतात असं चित्र होतं.

वाटणीआधी मोजणी आलीच. आणि समुद्रातला मासा मोजणं म्हणजे काय असतं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात रंगतदार वाटतं, त्यामुळे इथे थोडा जास्त वेळ काढतो.

पहिला विचार मनात येतो तो ध्वनियंत्राचा. बोटीखालून आवाज सोडायचा, माशांवर आपटून परत येतो, त्यावरून थवा किती मोठा ते काढायचं. हेरिंगसारख्या माशांना हे जमतं, कारण त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि आवाज तिच्यावरून जोरात परततो. या बांगड्याला ती पिशवीच नाही. त्याचा प्रतिध्वनी इतका दुबळा की यंत्रापुढे तो जवळजवळ अदृश्य. म्हणून आडवाटेने जावं लागतं. तीन आडवाटा आहेत.

पहिली वाट गाभोळीची. मासा मोजता येत नाही, तर त्याची अंडी मोजा. १९७७ पासून दर तीन वर्षांनी युरोपातल्या अनेक देशांची संशोधन जहाजं पोर्तुगालपासून उत्तरेपर्यंतचा समुद्र आपसात वाटून घेतात आणि महिनोन् महिने बारीक जाळ्यातून पाणी गाळतात. जाळ्यातून किती पाणी गेलं ते मापक सांगतं, त्यात बांगड्याची किती अंडी होती ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं जातं. अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपासचं, आत तेलाचा एक थेंब. इतर माशांची अंडीही तशीच दिसतात, म्हणून मोहिमेआधी सगळ्या देशांचे मोजणारे एकत्र बसून तेच नमुने पुन्हा पुन्हा ओळखून हात बसवतात. फक्त ताजी, नुकतीच घातलेली अंडी धरायची. किती ताजी, हे पाण्याच्या तापमानावरून कळतं, कारण गरम पाण्यात अंडं लवकर वाढतं. त्यावरून रोज किती अंडी पडली आणि मग पूर्ण हंगामात किती, असा अंदाज बांधायचा. मादीच्या दर ग्रॅम वजनामागे साधारण हजाराच्या आसपास अंडी असतात, हे प्रत्यक्ष गाभोळी तपासून काढतात. भागाकार केला की माद्यांचं वजन मिळालं. नर तितकेच धरून दुप्पट करा. झाला अंडी घालणाऱ्या बांगड्यांचा साठा.

कागदावर सोपं. पण २०१० आणि २०१३ च्या मोहिमांत अंडी घालण्याचा जोर इतका लवकर आला की जहाजं कामाला लागेपर्यंत हंगाम भरात आला होता. २०१६ मध्ये उलट, अंडी उत्तर-पश्चिमेला इतकी पसरली की आखलेल्या नकाशाच्या कडेलाही ती सापडत राहिली. बदलत्या समुद्रात मोजणी करण्याची खरी अडचण ही आहे. चाळीस वर्षांची आकडेवारी एकमेकींशी जुळावी म्हणून पद्धत तीच ठेवायची, आणि मासा मात्र तारीखही बदलतो, पत्ताही बदलतो. पद्धत बदलली तर जुन्या आकड्यांशी तुलना जाते. नाही बदलली तर मासाच हातातून निसटतो.

दुसरी वाट जाळ्याची. दर जुलै-ऑगस्टमध्ये नॉर्वे, आइसलँड आणि फॅरोची जहाजं, काही वर्षं त्यांच्या जोडीला ग्रीनलँड आणि डेन्मार्कची, भारताच्या क्षेत्रफळाशी तुलना व्हावी एवढा समुद्र पिंजून काढतात. उन्हाळ्यात बांगडा वरच्या थरात असतो, म्हणून जाळं पृष्ठभागाजवळ ओढतात. सगळ्यांचं जाळं एकाच मापाचं, वेगही तोच, वेळही तोच: अर्धा तास. आणि मुख्य म्हणजे जागा आधीच ठरलेल्या. मासा कुठे आहे ते बघून जाळं टाकायचं नाही. कुठल्याही मासेमाराला हे वेडेपणाचं वाटेल. मासे नाहीत तिथेही मुद्दाम अर्धा तास डिझेल जाळायचं! पण ते रिकामं जाळंच कामाचं असतं. मासा कुठे आहे ते मासेमारांच्या पकडीतून कळतंच. कुठे नाही, हे रिकाम्या जाळ्याशिवाय कळत नाही, आणि सरकत्या माशाची कड नेमकी तिथेच असते.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला नॉर्वेचे संशोधक गळाने जिवंत बांगडे पकडतात आणि प्रत्येकाच्या पोटात साधारण दोन सेंटिमीटरची एक कुपी टोचून त्याला परत सोडतात. कुपीत एक चिप असते, आपल्या फास्टॅगच्या जातीची. पूर्वी, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, पोलादाचे तुकडे घालत. २०११ पासून चिप आली. आता नॉर्वे, स्कॉटलंड, आइसलँड, फॅरो इथल्या मासळी कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर वाचक बसवले आहेत. टनांवारी बांगडा पट्ट्यावरून जातो, त्यात एखादा चिपवाला असला की त्याचा नंबर आपोआप नोंदतो. हा कुठे सोडला, कधी सोडला, कुठे सापडला, सगळं कळतं.

यातून संख्या कशी निघते? समजा, पोत्यातल्या पांढऱ्या चवळीत तुम्ही शंभर काळे दाणे मिसळले आणि पोतं नीट हलवलं. मग वाटीभर चवळी काढली, त्यात हजार दाणे निघाले आणि त्यातले दोन काळे. हजारात दोन काळे, तर एकूण शंभर काळ्यांमागे पोत्यात साधारण पन्नास हजार दाणे असणार. चिपचं गणित हेच. अडचण 'पोतं नीट हलवलं' या शब्दांत आहे. बांगडे समुद्रात सारखे मिसळतात असं नाही, आणि टोचताना काही मरतातही.

या तिन्ही वाटांची माहिती आणि बंदरात उतरलेल्या मालाची आकडेवारी एकत्र येते ती कोपनहेगनमध्ये, 'इसेस' या आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेकडे. १९०२ सालची ही संस्था; दोन महायुद्धं पाहूनही टिकली. पकडीतल्या माशांचं वयही तपासलं जातं, कानातल्या खड्यावरून. माशाच्या डोक्यात खडे असतात हे ढोमी किंवा घोळ साफ करणाऱ्याला सांगायला नको. त्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं असतात.

बंदराच्या आकडेवारीवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडमध्ये २०१२ साली अनेक बोटमालकांना न्यायालयाने दंड केले, कारण त्यांनी काही वर्षं कोट्याबाहेरचा, सुमारे सहा कोटी पौंडांचा बांगडा आणि हेरिंग चोरून उतरवला होता. कोटा मोडल्याने जे व्हायचं ते झालंच, पण त्याहून खोल नुकसान हिशेबाचं. अशाच बेहिशेबी पकडीमुळे साठ्याच्या गणितात २००० सालाआधीच्या पकडीच्या आकड्यांवर मुद्दाम कमी भार दिला जातो.

एवढं करून वर्षाअखेर एक आकडा येतो: पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून इतके टनच पकडा. आणि गंमत अशी की या आकड्यावर फारसं भांडण होत नाही. एकमेकांच्या बोटी अडवणाऱ्या देशांचे शास्त्रज्ञ एकाच जहाजावर अंडी मोजतात, एकाच अहवालावर सही करतात. भांडण लागतं ते पुढच्या पायरीवर, यातलं कुणाचं किती.

समजा, गुरं एकाच्या गोठ्यात वितात, दुसऱ्याच्या रानात चरतात आणि तिसऱ्याच्या अंगणात हिवाळा काढतात. दूध कुणाचं? युरोपीय संघ म्हणतो, पिढ्यान् पिढ्या आम्ही दूध काढत आलो, जुना वहिवाटीचा हक्क बघा. नॉर्वे म्हणतं, वहिवाट नको, आज मासा कुणाच्या पाण्यात किती आहे ते बघा. आइसलँड म्हणतं, आमच्या पाण्यात येऊन तो फुगतो, आमच्या इतर माशांचं खाणं खातो, चराईचं काय? प्रत्येकाच्या हातात नकाशा तोच, त्याच मोहिमांतला. प्रत्येकाला त्यात आपला हक्क दिसतो. मोजणी 'कुठे' आणि 'किती' सांगते. 'कुणाचं' हा प्रश्न तिच्या कक्षेतला नाही, आणि तिने तो सोडवावा अशी अपेक्षा मात्र सगळे करतात.

२०१४ मध्ये युरोपीय संघ, नॉर्वे आणि फॅरो यांच्यात करार झाला. आइसलँड बाहेरच राहिला. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, २०२१ पासून वाटणीला आणखी एक स्वतंत्र भाऊ बसला आणि करार संपला. रशिया नॉर्वेच्या समुद्रातल्या खुल्या पाण्यात पकडतोच. त्यानंतरच्या वर्षांत प्रत्येक देश शास्त्रीय आकडा मान्य करून त्यातला आपल्याला योग्य वाटेल तो वाटा उचलू लागला. सगळ्यांचे वाटे जोडले की शंभर टक्क्यांच्या खूप पुढे जायचे. शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र, जे युरोपातल्या दुकानांत पाकिटावर निळ्या शिक्क्याच्या रूपात दिसतं, ते या मासळीचं २०१२ मध्ये स्थगित झालं, २०१६ मध्ये परत मिळालं आणि २०१९ मध्ये पुन्हा गेलं.

दरम्यान बांगड्याने स्वतःच खेळ बदलला. २०१४ नंतर ग्रीनलँडकडचा त्याचा पसारा आटू लागला आणि २०२० च्या उन्हाळी मोहिमेत आइसलँडच्या पाण्यातही तो अगदी थोडा सापडला. 'समुद्र तापतो, मासा ध्रुवाकडे जातो' हे सूत्र इतकं सरळ नाही, हे इथे दिसतं. साठा फुगला तेव्हा तो नव्या रानात उतू गेला होता; साठा कमी झाला तसा जुन्या रानात मावू लागला. शिवाय आइसलँडच्या दक्षिणेचं पाणी मधल्या काही वर्षांत थंडच झालं होतं. तापमानाने दार उघडलं, पण दारातून कोण आत येणार हे गर्दी आणि खाणं या दोन गोष्टींवरही ठरलं. म्हणून नुसते मासे मोजून भागत नाही. पाण्याचं तापमान आणि कोपेपॉडचं प्रमाणही त्याच जहाजांवरून, त्याच ठिकाणी मोजतात.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला इसेसचा सल्ला आला: २०२६ साठी साधारण १ लाख ७४ हजार टनच. आधीच्या वर्षासाठीच्या सल्ल्यापेक्षा ७० टक्के कमी.

हे लांबचं भांडण वाटत असेल, तर तारलीकडे, म्हणजे आपल्या सार्डिनकडे बघा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की १९८५ पर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली १४ अंश उत्तर अक्षांशाच्या खाली, साधारण कर्नाटकातल्या भटकळच्या दक्षिणेला मिळायची. नंतर ती उत्तरेलाही, गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर, जास्त मिळू लागली. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. लगेच 'मासा पळाला' म्हणायचा मोह होतो. पण पुढच्याच वर्षी केरळात लाखाच्या वर टन तारली उतरली. अल निनो, पावसाचं मान, किनाऱ्याजवळ वर येणारं थंड पाणी, पिलांची बेसुमार पकड, सगळं यात गुंतलेलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. तेव्हा समुद्र बदलतोय यात शंका नाही. कुठला मासा त्याला कसं उत्तर देतोय, हा मोजणीचाच प्रश्न आहे.

आपली मोजणी बंदरावर होते. सीएमएफआरआयचे लोक ठरलेल्या पद्धतीने दिवस आणि बोटी निवडतात, उतरलेला माल जातवार नोंदतात, लांबी मोजतात, आणि त्यावरून पूर्ण किनाऱ्याचा अंदाज काढतात. पद्धत जुनी आणि कसलेली आहे. पण तिला बंदरात आलेला मासा दिसतो. मलपीच्या ट्रॉलरने सिंधुदुर्गासमोर पकडलेला बांगडा मलपीला उतरला, तर तो कर्नाटकच्या खात्यात जातो.

आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. तारली किती लहान असताना पकडायची नाही, पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं, कुठे चालवायचं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. मालवणचा रापणवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मासेमार, मलपीच्या ट्रॉलरबद्दल जे बोलतो, ते पिटरहेडच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला शब्दही न बदलता पटेल. जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्राने किनाऱ्यावर नऊ ठिकाणी ड्रोन ठेवले आहेत, घुसखोर बोटी टिपायला. बोटीचा नंबर आणि जागा त्यात नोंदली जाते. खाली पाण्यात काय होतं, कुठून आलं होतं आणि पुढच्या वर्षी येणार का, हे त्या कॅमेऱ्यात येत नाही.